बत्तीस मिलिमीटरवर झालेलं एकमत

सपाट खोक्यातून येणाऱ्या कपाटाच्या सामानात एक पिशवी असते आणि त्या पिशवीत जस्ताच्या मिश्रधातूच्या काही गोल चकत्या असतात. व्यास १५ मिलिमीटर. वर पेचकस बसायला फुली, कडेला एक बारीक बाण आणि एका बाजूनं तोंड उघडं. नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘मिनीफिक्स द्या’ म्हटलं की हीच चकती आणि तिच्या जोडीचा बोल्ट काउंटरवर येतो. मुळात हे हेफेले या जर्मन कंपनीच्या मालाचं नाव, पण आता सगळा बाजारच ते वापरतो. कपाट जोडताना आपण ही चकती फळीतल्या भोकात दाबतो, दुसऱ्या फळीतून आलेल्या बोल्टचं डोकं तिच्या तोंडात शिरतं, पेचकसानं अर्धा फेरा दिला की दोन फळ्या एकमेकींना चिकटतात. खिळा नाही, फेविकॉल नाही. पुन्हा उलटा अर्धा फेरा दिला की फळ्या सुट्या.

हे घडतं कसं, हे पाहायला एक चकती हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरा. तिच्या पोटातली खोबण एकसारखी गोल नाही. केंद्रापासूनचं तिचं अंतर हळूहळू बदलत जातं. चकती फिरते तशी ही खोबण बोल्टचं डोकं आत आत ओढत नेते. म्हणजे ही पाचर आहे. सरळ न ठेवता गोल वळवलेली पाचर. पाचरेचा उतार जितका सौम्य, तितकी ताकद जास्त आणि परत घसरून यायची शक्यता कमी, कारण उतारापेक्षा घर्षण भारी पडतं. म्हणूनच कपाटाचं दार दहा वर्षं आपटलं तरी चकती सहसा आपोआप मागे फिरत नाही. आणि म्हणूनच ती फिरवायची ती हातानं, ड्रिल मशीननं नव्हे. मशीनला थांबायचं कळत नाही. चकती तर तुटतेच, आजूबाजूचा भुसाही उखडून येतो. बसवताना बाण फळीच्या कडेकडे, म्हणजे जिथून बोल्ट येणार त्या भोकाकडे हवा. नवख्यांची निम्मी अडचण या एका बाणापाशी सुटते.

आता नाशिकच्या सराफ बाजारातल्या पेशवेकालीन सरकारवाड्याकडे, किंवा चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालाकडे या नजरेनं बघावं. दगडी तळखड्यावर सागवानी खांब उभा, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. तुळईच्या टोकाला कोरून काढलेलं कुसू खांबाच्या खाचेत शिरतं आणि जिथं सांधा घट्ट हवा तिथं सुतार पाचर ठोकतो. घराचं वजन हा सांगाडा पेलतो; भिंती नुसत्या मधल्या जागा भरतात. आणि घराचं माप सांगायचं ते खणांत: दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, त्या हिशेबात पाच खणी ओसरी, सात खणी सोपा. ऐपत वाढली, कुटुंब वाढलं की आणखी खण जोडायचे. वाडा पाडायची वेळ आली की हेच लाकूड पाचरा काढून उतरवलं जातं, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातं आणि दुसऱ्या कुणाच्या घरात दार, झोपाळा किंवा टेबल म्हणून पुन्हा उभं राहतं. ठरलेल्या मापाचे भाग, खिळ्यावाचून सांधा, सोडवता येणारी जोडणी: परदेशी फर्निचरच्या माहितीपत्रकांत ज्याची मोठी तारीफ असते ते सगळं इथं दोन-अडीचशे वर्षं उभं आहे.

फर्निचर सुटं करून पाठवायची कल्पनाही तशी जुनी. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, अवघ्या सहा तुकड्यांची होती. एक घनमीटर खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत बसून ज्यांनी बन-मस्का खाल्ला आहे, त्यांनी या घराण्यातल्या खुर्च्यांना पाठ टेकलेली आहे. स्वीडनच्या आयकियानं १९५६ च्या सुमारास टेबलाचे पाय काढून ते गाडीत घालण्याची युक्ती धंद्याचा पाया केली. त्याच कंपनीचं दालन १८ डिसेंबर २०२० ला नवी मुंबईत तुर्भ्याला उघडलं आणि कसारा घाट उतरून, गाडीच्या टपावर खोकी बांधून परत घाट चढणारी नाशिकची कुटुंबं दिसू लागली.

पण माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं खरं आश्चर्य चकतीत नाही आणि खोक्यातही नाही. ते एका आकड्यात आहे.

कपाटाचं दार उघडून आतली बाजू बघा. फळी वर-खाली सरकवता यावी म्हणून उभ्या रांगेत बारीक भोकं पाडलेली असतात. एका भोकाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत अंतर ३२ मिलिमीटर. भोकाचा व्यास ५ मिलिमीटर. पुढची रांग फळीच्या पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत उद्‌ध्वस्त शहरं पुन्हा वसत होती, घराघरात कपाटं हवी होती आणि हातानं एकेक भोक पाडत बसायला वेळ नव्हता. तेव्हा एका दणक्यात भोकांची अख्खी रांग पाडणारी यंत्रं आली. त्यांतले ड्रिल एकमेकांना जोडलेल्या दातेरी चाकांवर फिरत, आणि चाकांना जागा लागत असल्यामुळे दोन ड्रिल ३२ मिलिमीटरपेक्षा जवळ आणणं अवघड होतं. यंत्राच्या या अडचणीतून माप ठरलं. वर हा आकडा गुणी निघाला: निम्मे करत गेलं तर १६, ८, ४, २, १, कुठेही अपूर्णांक नाही.

पुढं जे झालं ते विलक्षण आहे. बिजागरी बनवणाऱ्यांनी बिजागरीच्या पट्टीची दोन भोकं ३२ मिलिमीटरवर पाडली. ड्रॉवरचे चॅनल बनवणाऱ्यांनी पहिलं भोक ३७ मिलिमीटरवर आणलं. फळ्या कापणारे, टेकू बनवणारे, हँडल विकणारे, सगळे त्याच आकड्यावर येऊन थांबले. त्यामुळे आज एका देशात कापलेलं कपाट, दुसऱ्या देशातली बिजागरी आणि अंबडच्या एखाद्या शेडमध्ये तयार झालेलं दार नाशिकच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा भेटतात आणि नेमके बसतात. आपल्याला सोयीचं कपाट घरच्या घरी करून घेता येतं ते या एकमतामुळे. आपण काही नवं शोधत नसतो. सगळ्यांनी मान्य केलेल्या भोकांत आपल्या गरजेची वस्तू अडकवत असतो.

इथं आपल्या सुतारांच्या मापाची गंमत येते. मिस्त्री इंच आणि सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. ‘दीड इंच दोन सूत’ असं माप ते टेप न बघता सांगतात. आता ३२ मिलिमीटर सुतांत किती? दहा सूत म्हणजे सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. फरक फक्त पाव मिलिमीटरचा, नखाच्या जाडीहूनही कमी. एखादी बिजागरी बसवायची तर दहा सूत धरून काम बिनधास्त चालतं. पण त्याच मापानं भोकांची रांग पाडत गेलात तर आठव्या अंतराला चूक २ मिलिमीटर होते आणि पाच मिलिमीटरच्या भोकात खिट्टी जात नाही. एका बाजूची रांग सुतांत, दुसऱ्या बाजूची मिलिमीटरमध्ये पाडली तर वरची फळी एका अंगाला कलते. चांगल्या मिस्त्रींना हे पुरतं ठाऊक असतं, म्हणून असल्या कामाला ते टेपची मिलिमीटरची बाजू वर करतात. घरी काम करणाऱ्यानंही तेच करावं, किंवा त्याहून सोपं म्हणजे जुन्या कपाटाच्या भोकांची एक पट्टीच साचा म्हणून वापरावी. पट्टी फळीवर बांधायची, तिच्या भोकांतून ड्रिल घालायचं, टेप बाजूला ठेवायची.

सुटे भाग एका ठिकाणी, जोडणी दुसऱ्या ठिकाणी, आणि तरीही केसाएवढी चूक नाही, हे समजून घ्यायला नाशिककरांना लांब जायला नको. ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली सुरू झाला तोच मिग-२१ लढाऊ विमानं परवान्यावर बांधायला. सुरुवातीची विमानं सोव्हिएत संघातून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून जोडली गेली. मग भाग इथं बनू लागले तेव्हा कामाची वाटणी तीन गावांत झाली: सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. तीन राज्यांत बनलेलं विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडायचं. २००४ पासून इथूनच सुखोई-३० एमकेआय हवाई दलाला मिळू लागली. आपल्या वरून गडगडत जाणारं विमान आणि आपल्या बैठकीतलं कपाट यांच्यात किमतीचं आणि जोखमीचं अंतर प्रचंड आहे, पण ‘माप आधी ठरवा, मग भाग कुठंही बनवा’ ही शिस्त एकच आहे.

दोघांमध्ये आणखी एक नातं आहे आणि ते फळीच्या पोटात दडलंय. आयकियाचं लॅक नावाचं टेबल उचला. पाच सेंटिमीटर जाड दिसणारी त्याची फळी एका हातानं उचलली जाते. कॅलॅक्स या चौकोनी कप्प्यांच्या कपाटाची बाहेरची जाड चौकटही अशीच असते. आत लाकूड नसतं, षट्कोनी घरांची कागदी जाळी असते. कारण असं: फळीवर वजन ठेवलं की तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि अगदी मधला थर जवळजवळ काहीच करत नाही. मग मधलं लाकूड काढून तिथं नुसतं अंतर राखणारं काहीतरी हलकं ठेवलं तर वजन उतरतं आणि ताठपणा राहतो. विमानांच्या शेपटीत आणि पंखांच्या हलत्या भागांत हीच रचना ॲल्युमिनियमच्या किंवा खास कागदाच्या जाळीनं करतात. निफाड-दिंडोरीची द्राक्षं ज्या नालीदार पुठ्ठ्याच्या पेट्यांतून परदेशी जातात, त्या पुठ्ठ्याचंही तत्त्व तेच: दोन सपाट कागद आणि मध्ये लाटांचं अंतर.

हे कळलं की अशा कपाटात बदल करताना हात आपोआप सावध होतो. पोकळ फळीच्या मध्यावर स्क्रू मारला तर तो पातळ सालीत अडकतो आणि पहिल्या ओढीला बाहेर येतो. स्क्रू मारायचा तो कडेच्या भरीव चौकटीत. कडा कुठं संपते हे बोटानं ठोकून आवाजावरून कळतं. मध्येच काही टांगायचं असेल तर पोकळ दारांसाठी मिळणारे, आत जाऊन फुलणारे फास्टनर घ्यावेत.

फळीचं दुसरं गणित तर मला अजूनही थक्क करतं. सारख्या दाटीनं भरलेली फळी किती लवेल, हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली तर झोळ सोळापट. तिप्पट केली तर ८१ पट. कॅलॅक्सचे कप्पे आतून साधारण ३३ सेंटिमीटरचे का, आणि एक मीटर लांब एकसंध फळीचे का नाहीत, याचं एक उत्तर या ८१ मध्ये आहे. तरी प्रत्येक कप्प्याला कंपनीनं १३ किलोची मर्यादा घालून दिलेली आहे. गव्हाचा दहा किलोचा डबा चालेल. त्यावर बाजरीचा दुसरा ठेवला की मर्यादा ओलांडली.

पण लांब फळी हवीच असेल, पुस्तकांसाठी बहुतेकांना हवी असते, तर उपाय स्वस्त आहे. जाडी १८ वरून २५ मिलिमीटर केली तर ताठपणा साधारण पावणेतीन पट होतो, कारण जाडीचा घन मोजला जातो. त्याहून चांगलं म्हणजे फळीच्या पुढच्या कडेखाली त्याच बोर्डाची ५० मिलिमीटर उंचीची एक उभी पट्टी लावणं. ३० सेंटिमीटर खोल, १८ मिलिमीटर जाड फळीचं आणि या पट्टीचं गणित मांडून बघितलं तर ती दोन इंचांची पट्टी एकटीच अख्ख्या फळीपेक्षा ताठ निघते. लाकूड आडवं वापरलं की वाकतं, उभं केलं की टिच्चून उभं राहतं. वाड्याची तुळई रुंदीपेक्षा उंचीला जास्त का असते, तेही इथंच उमगतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बाजारात मिळणारं तयार कपाट आपल्या घरासाठी बदलायचं तर नाशिकच्या घरात पहिला बदल खालून सुरू करावा. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसली जाते, सणावाराला बादल्या ओतून धुतली जाते, आणि परदेशी कपाटं सरळ फरशीवर टेकून उभी राहायला बनवलेली असतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा, कधी उसाच्या चिपाडाचा भुसा गोंदात कालवून प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला तक्ता. दाबून बसवलेल्या भुशाला पाणी मिळालं की तो फुगतो, आपल्या मूळ आकाराकडे परत जाऊ पाहतो, गोंदाची पकड सुटते, आणि वाळल्यावरही तो पुन्हा बसत नाही. म्हणून खाली किचन ट्रॉलीवाले वापरतात ते चार इंची प्लॅस्टिकचे पाय लावावेत. त्यांना आटे असतात, फिरवून उंची कमी-जास्त होते. याचा दुसरा फायदा स्वयंपाकघरात कळतो: तिथल्या फरशीला मोरीच्या दिशेनं उतार दिलेला असतो, आणि चारी पाय एका उंचीचे ठेवले तर कपाट मोरीकडे झुकतं. लेव्हल ठेवून पाय फिरवावेत. पाय लावायला पाडलेली भोकं, कापलेल्या कडा, वायरसाठी काढलेली छिद्रं, जिथं जिथं उघडा भुसा दिसेल तिथं एज बँडची पट्टी इस्त्रीनं चिकटवावी किंवा लाकडाचं वॉर्निश दोन हात द्यावं. जूनच्या आत हे झालेलं बरं.

दुसरा बदल दारांचा. उघड्या कप्प्यांत धूळ जाते, म्हणून दारं हवीत. आत लपणाऱ्या बिजागरीसाठी दारात ३५ मिलिमीटर व्यासाचं, साधारण साडेबारा मिलिमीटर खोल गोल भोक लागतं. खास त्याच मापाचं बिट मिळतं. बोर्ड १८ मिलिमीटरचा असेल तर खाली पाच-साडेपाच मिलिमीटर उरतात, म्हणून बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करावी आणि मध्ये मध्ये थांबून बघावं. भोकाचा मध्य दाराच्या कडेपासून साधारण २२ मिलिमीटर. मग दुकानात विचारणा होते: ‘झिरो, आठ की सोळा?’ हा बिजागरीच्या मानेच्या वाकाचा हिशेब आहे. दार बाजूच्या फळीवर पूर्ण बसणार असेल तर झिरो क्रँक. मधल्या एकाच फळीवर दोन्हीकडची दोन दारं अर्धी-अर्धी बसणार असतील तर आठ. दार चौकटीच्या आत, फळीशी समपातळीत हवं असेल तर सोळा. चौकोनी कप्प्यांच्या कपाटाला दार आत बसवणंच शोभतं, म्हणून सोळा. बिजागरीवरच्या दोन स्क्रूंनी दार डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर दोन-तीन मिलिमीटर हलतं; बाहेरून फटी सारख्या दिसतात त्या या दोन स्क्रूंमुळे.

ड्रॉवरला एकच गणित पाठ करावं. टेलिस्कोपिक चॅनल अर्धा इंच जाड असतो, दोन्ही बाजूंचा मिळून एक इंच. कप्प्याच्या आतल्या रुंदीतून २६ मिलिमीटर वजा करा, ती ड्रॉवरची बाहेरची रुंदी. एक मिलिमीटर जास्त झाली तर ड्रॉवर अडतो, तीन कमी झाली तर चॅनलच्या गोळ्या खडखडतात. स्टीलच्या जाळीच्या बास्केट तयार घेणार असाल तर त्या १५, १७, १९, २१ इंच अशा ठरलेल्या रुंदीत येतात. तेव्हा आधी बास्केट घ्यावी आणि मग कपाट कापावं. उलट क्रमानं गेलं तर हमखास फसगत होते.

देवघर हा या कपाटांचा आपल्याकडचा सर्वांत सुंदर उपयोग. दोन कप्प्यांमधली आडवी फळी काढून उंची मोकळी करता येते का, हे आधी जोडणीच्या चित्रात बघावं, कारण काही फळ्या सांगाडा धरून ठेवणाऱ्या असतात. खालच्या कप्प्यात चॅनलवर बाहेर सरकणारी फळी बसवावी. तिच्यावर पितळेचं ताट किंवा टाइल ठेवून निरांजन तिथंच लावावं आणि आरती होईपर्यंत फळी बाहेरच ठेवावी. लॅमिनेटखालचा गोंद ज्योतीच्या आचेनं काळवंडतो, ३३ सेंटिमीटरच्या बंदिस्त कप्प्यात समई लावणं धोक्याचंच. फळी आत ढकलली की पूजेचं साहित्य झाकलं जातं.

सगळ्यांत जास्त गैरसमज मागच्या पातळ पाठीबद्दल आहे. तीन मिलिमीटरचा तो हार्डबोर्ड बघून अनेकांना वाटतं की हा नुसता धूळ अडवायला आहे, आणि वायरींना अडचण नको म्हणून ते तो काढूनच टाकतात. चार फळ्यांची चौकट कोपऱ्यांवर ढकलली तर तिरकी होते, तिला अडवणारं चौकटीत काही नसतं. पाठ लावली की तिरकं होण्यासाठी त्या पातळ तक्त्याला त्याच्याच पातळीत ताणून फाटावं लागेल, आणि तसा ताण कागदासारखा पातळ तक्ताही जबरदस्त सहन करतो. अख्खं कपाट ताठ उभं असतं ते तीन मिलिमीटरच्या जोरावर. म्हणून वायरला भोक खुशाल पाडा, पण पाठ काढू नका, आणि तिचे खिळे मारण्याआधी कपाटाचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात आहे, पाठ ठोकून टाका.

उंच कपाट भिंतीला बांधणं हा ऐच्छिक भाग समजू नये. अमेरिकेत २०१६ साली लहान मुलांच्या अंगावर पडल्यामुळे आयकियाला जवळजवळ २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवावी लागली. मूल ड्रॉवर ओढून पायरी करतं आणि कपाट पुढं येतं. विटांच्या भिंतीत साधी गिट्टी आणि स्क्रू पुरतो. नव्या इमारतींतल्या हलक्या, पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल राहते, तिथं त्या ब्लॉकसाठीचे खास लांब फास्टनर मागावेत.

तयार कपाट न घेता प्लायवुडच्या दुकानातून फळ्या कापून आणून स्वतः जोडणं हा आणखी आनंदाचा मार्ग आहे. बहुतेक ठिकाणी पॅनल सॉवर कापून, एज बँड लावून मिळतं. आपण कटिंग लिस्ट मिलिमीटरमध्ये लिहून न्यायची. तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कागदावर १२२० मधून ३०५ च्या चार पट्ट्या निघतात, यंत्रावर निघत नाहीत. पातं प्रत्येक कापाला तीन-साडेतीन मिलिमीटर लाकूड भुसा करून टाकतं. तीन काप म्हणजे दहा मिलिमीटर गेले, पट्टी ३०२ ची. म्हणून खोली ३०० धरावी आणि निश्चिंत राहावं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रसामग्रीसोबत येणाऱ्या पाइनच्या पेट्याही कपाटाच्या पायासाठी, बैठकीसाठी स्वस्तात मिळतात. त्यांवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का शोधावा. शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवून किडीमुक्त केलेलं आहे, ते घरात आणा. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी झालेली आहे. ते घराबाहेरच बरं.

आणि ज्यांना लाकूडच नको त्यांच्यासाठी भोकाभोकांचा लोखंडी अँगल आहेच. लंडनमधला छापखानेवाला डिमिट्रियस कोमिनो मांडण्या बांधून आणि मोडून वैतागला होता. कुठलंही भोक कुठल्याही भोकाशी जुळेल अशी खाचांची रचना त्यानं बसवली आणि १९४७ साली डेक्सिऑन नावानं ती बाजारात आणली. आज मेडिकलच्या दुकानापासून गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत सगळीकडे तीच उभी आहे. पाना आणि नट-बोल्ट एवढ्यावर ती रविवारच्या एका दुपारी उभी राहते.

तयार कपाट खरेदी करायला जाताना खिशात टेप मात्र असू द्या. दार उघडायचं, आतल्या रांगेतल्या पहिल्या भोकाच्या मध्यावर शून्य धरायचं आणि नवव्या भोकाच्या मध्यावर आकडा वाचायचा. २५६ आला तर बाजारातली बहुतेक प्रत्येक बिजागरी, चॅनल आणि टेकू त्या कपाटाला चालेल, आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत त्यात काय काय बदलायचं हे ठरवायला तुम्ही मोकळे आहात. २५४ आला तर भोकं सव्वा-सव्वा इंचावर पाडलेली आहेत. कपाट चांगलं असेल तर घ्या, पण नवी भोकं स्वतः पाडायची तयारी ठेवून.